बऱ्या झालेल्या माणसाचा सत्कार

कोल्हापूर जिल्ह्यातली किती डोकी माझ्या हाताखालून गेली ते मी कधी मोजलं नाही, पण त्यांतल्या एकाही डोक्याला मी शॉक दिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी लग्नाकार्यात कुणीतरी माझी ओळख करून देतंच, "ह्या मेंदूच्या दवाखान्यात शॉक द्यायच्या." मग समोरची बाई जरा सरकून बसते. शॉक देणारं मशीन वेगळं आणि माझं वेगळं. माझं मशीन कुणाला काही देत नव्हतं. मेंदूत जी बारीकशी वीज सारखी चालू असते ती मोठी करून कागदावर काढायची, एवढंच त्याचं काम. त्याला ईईजी म्हणतात. आमच्याकडं लोक 'डोक्याची पट्टी' म्हणायचे, आणि मला 'पट्टीवाल्या मॅडम'.

शाहूपुरीतल्या एका मेंदूच्या डॉक्टरांकडं मी नव्वदच्या आसपास लागले. तेव्हाचं मशीन कपाटाएवढं होतं. डोक्याची टेपनं मापं घ्यायची, पेन्सिलीनं खुणा करायच्या, खुणेवर चिकट पेस्ट लावून वायरी बसवायच्या. पेशंट आडवा झाला की शाईच्या पेनांची रांग एकदम खरखरायला लागायची आणि कागदाच्या घड्यांवर घड्या खाली पडायच्या. पुढं कॉम्प्युटर आला, शाईनं हात काळे व्हायचे थांबले. डोकी मात्र तीच राहिली.

पट्टीसाठी आमच्या दोनच अटी असायच्या. डोकं धुऊन यायचं, तेल लावायचं नाही. आणि आदल्या रात्री जागायचं, म्हणजे इथं आल्यावर झोप लागते आणि झोपेत मेंदू लपवलेलं दाखवतो. कोल्हापुरात ह्या दोन्ही अटी पाळणारा माणूस मला विरळाच भेटला. आई पोराला पहाटे शिकेकाईनं न्हाऊ घालायची आणि एसटीत बसायच्या आधी ओंजळभर खोबरेल थापायची. परगावी चार लोकांत जायचं आणि डोकं कोरडं ठेवायचं म्हणजे काय, सुतकात आहोत का? जागरणाचं तर विचारू नका. पेशंटला जागं ठेवायला सगळी भावकी जमायची, चहा व्हायचा, गप्पा रंगायच्या, आणि पेशंट सोडून सगळं घर रात्रभर जागं राहायचं.

गिऱ्हाईकंही एकेक. एक सासू सुनेला घेऊन आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "खरंच फिट येती का सोंग करती, तेवढं पट्टीत बगा." एका गृहस्थांना भीती होती की डोक्यात काय विचार चाललेत तेही कागदावर उमटतं. त्यांनी पूर्णवेळ मनातल्या मनात शाळेतले पाढे म्हटले, असं त्यांनीच नंतर मला सांगितलं. आणि डोक्याला हात लावू देण्याआधी आडनाव विचारणारे तर नेहमीचेच. मी आडनाव सांगायची. ते ऐकून चेहरा बदलला की मी पेस्ट जरा जास्तच चोळून लावायची.

माझ्या आईनं छप्पनला धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं नदीत सोडले. त्यानंतर आमच्या घरात अंगारा आला नाही, लिंबू कापलं गेलं नाही. तिचाच स्वभाव माझ्यात उतरलाय. त्यामुळं पेशंटच्या दंडावरचे ताईत, गळ्यातल्या पुड्या, कपाळावरची राख बघून माझं डोकं फिरायचं. आणि चप्पल! फिट आली की नाकाला चप्पल लावायची, कांदा फोडायचा, हातात किल्ली द्यायची. चप्पल हुंगून फिट जात असती तर आमच्या कोल्हापुरात एकालाही फिट आली नसती. खरी गोष्ट अशी की बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. थांबताना जे नाकापुढं असेल त्याला श्रेय मिळतं. हे मी बोलून बोलून थकले, पण चप्पलच जिंकली.

संग्राम पहिल्यांदा आला तेव्हा तिसरी-चौथीत असेल. राधानगरीकडचं, नदीकाठचं गाव. वडील शामराव, थोडी शेती आणि दोन म्हशी. आई मालन, बोलणं कमी आणि डोळे सारखे पोरावर. त्याची फिट लोकांना फिट वाटायचीच नाही. तो बोलता बोलता थांबायचा, नजर लागायची, तोंड चघळल्यासारखं हलायचं आणि हात शर्टाची बटणं चाचपत राहायचे. मिनिटभरानं भानावर यायचा. काय झालं ते त्याला ठाऊक नसायचं. कधीकधी मात्र हेच वाढून तो धाडकन आडवा व्हायचा, हातपाय झाडायचा. शाळेत मास्तर म्हणायचे, तंद्री लागते. गावात म्हणायचे, बाहेरचं आहे.

डॉक्टरांनी गोळी दिली. ती पुरली नाही म्हणून दुसरी, मग तिसरी तिच्या जोडीला. बहुतेकांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात येतात, पण काहींच्या कशालाच जुमानत नाहीत. संग्राम त्यांतला निघाला. ऑपरेशन करता येईल का ते बघायला त्याला मुंबईला पाठवलं, तर दोष मेंदूच्या दोन्ही बाजूंना निघाला, म्हणून तेही राहिलं. गोळ्या घेतल्या की फिट कमी यायच्या आणि पोरगं सहसा आडवं होत नसे, हीच काय ती कमाई. गोळ्या एकदम बंद केल्या तर फिटमागून फिट येऊन जीव जाऊ शकतो, हे मी मालनला दर खेपेला बजावून सांगायची.

त्याला सायकल बंद, विहिरीकडं जाणं बंद आणि मुख्य म्हणजे नदी बंद. त्या गावात संध्याकाळी सगळी पोरं म्हशी घेऊन नदीत उतरायची, म्हशीच्या पाठीवरून उड्या मारायची. संग्राम वीस-बावीस वर्षांचा घोडा झाला तरी काठावर आईच्या शेजारी बसायचा. एकदा वायरी लावताना मी विचारलं, "बरा झालास तर पयलं काय करणार?" तो म्हणाला, "म्हसरं घिऊन पान्यात उतरनार. येकटा."

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी ते पेशीवाले आले. आमच्याच गल्लीतल्या एका हॉटेलात त्यांचं शिबिर होतं. 'औषधांना दाद न देणाऱ्या फिट्सवर स्टेम सेल उपचार' असा बॅनर, आत खुर्च्या, पडद्यावर रंगीत चित्रं आणि टाय लावलेला एक तरणाबांड प्रतिनिधी. शामराव मला म्हणाला, "म्याडम, तुमी चला की संगं. तुमास्नी त्यातलं कळतंय." मी गेले. कमरेच्या हाडातला मगज सुईनं काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या मणक्यातून परत आत सोडायच्या, असा तो उपचार होता. मोठ्या शहरातल्या त्यांच्या सेंटरवर जायचं, तिथं चार-पाच दिवस राहायचं.

मी उठून विचारलं, "पाठीत सोडलेल्या पेशींना मेंदूतली नेमकी बिघडलेली जागा कळते कशी?"

"सेल्स इंटेलिजंट असतात, मॅडम," टायवाला म्हणाला. "जिथं डॅमेज आहे तिथं त्या बरोबर जातात."

आमचा माणूस स्टँडवर उतरल्यावर चार जणांना विचारल्याशिवाय रंकाळ्याला पोचत नाही, आणि ह्या पेशी अंधारात, एकट्या, पाठीतून डोक्यापर्यंत बरोबर जाणार! मी पुढं विचारलं की किती लोकांच्या फिट थांबल्या, आणि त्यांची तुलना कुणाशी केली? तो म्हणाला, हा उपचार अजून प्रायोगिक आहे. मग मागच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, प्रायोगिक आहे तर फुकट करणार काय? तर म्हणाला, नाही, हा उपचार आहे. पुराव्याचं विचारलं की प्रयोग, पैशाचं विचारलं की उपचार. असल्या माणसापेक्षा गावचा देवऋषी परवडला, तो निदान टाय लावत नाही.

पेशींवरच माझा राग आहे असं कुणी समजू नये. परदेशात काही ठिकाणी अशा फिट्सवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी थेट मेंदूत सोडून खऱ्याखुऱ्या चाचण्या चालल्यात, असं हल्ली वाचते. त्यातून काही निघालं तर मला आनंदच होईल. आमचे डॉक्टर एक साधी खूण सांगायचे. खऱ्या प्रयोगात पेशंटकडून पैसे घेत नाहीत, उलट त्याचे उपकार मानतात आणि पुढं कितीतरी वर्षं त्याच्यावर नजर ठेवतात.

पण हेच डॉक्टर शामरावसमोर काय बोलले? स्वभाव मऊ, आवाज त्याहून मऊ. म्हणाले, "शामराव, ह्याला सध्या तरी पुरेसा पुरावा नाही. मी सुचवणार नाही. पण निर्णय शेवटी तुमचा." आता कोल्हापुरात नाही म्हणायचं तर टेबलावर हात आपटून, समोरच्याच्या बापाची आठवण काढून म्हणावं लागतं. हळू आवाजातल्या नाहीला इथं हो समजतात. शामराव बाहेर येऊन मला म्हणाला, "डाक्टर काय न्हाय म्हनलं न्हाईत." मी तिथंच त्याच्यावर ओरडले, अख्खी वेटिंग रूम ऐकत होती. पण मी डॉक्टर नव्हते. मी नुसतीच पट्टीवाली.

गाव चांगलं होतं, तीच खरी पंचाईत झाली. दिवाळीला दूध संस्था सभासदांना वर्षभराच्या दुधावर जादा पैसे वाटते, त्याला फरक म्हणतात. त्या फरकावर घराघरांत कपडे होतात, फराळ होतो. चेअरमननं सभेत विषय काढला आणि निम्म्या गावानं त्या वर्षीचा फरक संग्रामसाठी सोडला. कुणी सक्ती केली नव्हती. असं कुठल्या शहरात घडलं असतं ते मला दाखवा. आणि हा सगळा चांगुलपणा उचलून नेऊन त्यांनी त्या टायवाल्याच्या पदरात घातला.

संग्राम जाऊन आला. नंतरचे काही आठवडे फिट जवळजवळ आल्याच नाहीत. ह्यात नवल नव्हतं. ह्या आजारात चांगले-वाईट महिने येतजात असतात, आणि माणूस मोठ्या उपचाराला जातो तो नेमका सगळ्यांत वाईट दिवसांनंतर. पुढचे दिवस जरा बरे जाणारच. शिवाय सेंटरवर त्याला झोपेच्या जातीचं जादा औषध चालू केलं होतं, ते वेगळंच. पण गावानं निकाल लावून टाकला. पोरगं बरं झालं. आणि आमच्या जिल्ह्यात काहीही झालं की पुढं काय होतं? सत्कार.

आमंत्रण आम्हालाही होतं. आतापर्यंत ज्यांना जमलं नाही त्यांनी येऊन बघावं, असा त्यातला भाव असणार. डॉक्टर गेले नाहीत. मी गेले, मुद्दाम गेले.

शाळेच्या पटांगणात मांडव, दूध संस्थेचा लाऊडस्पीकर, तालुक्याचे एक पुढारी प्रमुख पाहुणे. बाजूला टायवाला उभा, त्याचा माणूस शूटिंग करतोय. मध्ये खुर्चीवर संग्राम, डोक्याला फेटा, अंगावर शाल, गळ्यात झेंडूचा हार. बिचारा माणूस बरा झाल्याबद्दल सत्काराला बसला होता. जन्मभर आजारी होता तेव्हा त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती.

पाहुण्यांचं भाषण रंगात आलं. विज्ञान, सहकार, माता-पित्यांचे आशीर्वाद सगळं एका दमात चाललं होतं. तेवढ्यात मला दिसलं. संग्रामची नजर लागली. तोंड हलायला लागलं. हात शालीवर फिरले, मग हाराकडं गेले आणि एकेक झेंडू तोडायला लागले. तोडलेलं एक फूल त्यानं तोंडात घातलं आणि चघळलं.

"बघा!" पाहुणे म्हणाले. "संग्राम किती भारावून गेलाय बघा! शब्द फुटत नाहीत त्याच्या तोंडातून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. शूटिंगवाला आणखी जवळ गेला. एवढ्या माणसांत दोनच माणसांना कळलं होतं, मला आणि मालनला. मी उठणार तेवढ्यात तिनं स्टेजच्या कडेवरून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, नको. मी खाली बसले. 

कार्यक्रम संपल्यावर मी तिला घरात, चुलीपाशी गाठलं. बाहेर जेवणाच्या पंगती चालल्या होत्या.

"मालनताई, दिसलं न्हवं तुमाला?"

"दिसलं की. आय हाय मी त्येची." तिचा आवाज अगदी बसला होता. "रोज येती आता. कवाकवा दोनदा."

"गोळ्या?"

"मालकांनी बंद केल्या. सेंटरवाल्यांनी हळूहळू कमी करा म्हनून सांगितलंय, हे म्हनलं, बरा झालाय तर हळूहळू कशापायी. माज्याकडं जुनी पाकिटं हुती. अर्दी अर्दी करून कुनी नसताना घालत हुते त्येच्या तोंडात. ती बी आता सरत आली."

"मग सांगा की गावाला!"

"कसं सांगू म्याडम? निम्म्या गावानं फरक सोडलाय. रखमाम्हातारीला येकच म्हस हाय, तिनं बी सोडला. तिच्यापुडं हुबी राहून कसं म्हनू, गुण आला न्हाय म्हनून? गोळी खाताना दिसला तरी लोक इचारत्यात, मग आमी काय मातीत घातलं काय?" मग ती आणखी हळू म्हणाली, "आनि त्यो उद्यापासनं नदीवर जातो म्हनतोय. म्हसरं घिऊन. बाप बी जा म्हनलाय."

आता इथं मी काय करायला हवं होतं, ते शहाण्या लोकांनी मला नंतर पुष्कळ सांगितलं. बाहेर जाऊन माईक हातात घ्यायला हवा होता, पुढाऱ्याला गप्प बसवायला हवं होतं, विज्ञान समजावून सांगायला हवं होतं. पंधरा वर्षं मी दुसरं काय करत होते? चपलेपुढं हरलेली बाई फेट्यापुढं काय जिंकणार होती? पोराला सकाळी नदीवर जायचं होतं.

"मालनताई, ऊस लावल्यावर खत घालता न्हवं?"

"घालतोय की."

"मग सांगा गावाला. पेशी पेरल्यात, पर त्या रुजायला खत लागतंय. खत म्हंजे ह्या गोळ्या. दोन टाइम, येक बी चुकवायची न्हाय, जलमभर. आनि पेशी लावलेल्या मानसानं येकट्यानं पान्यात उतरायचं न्हाय. पेशी कुजत्यात."

 मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला हसताना बघितलं. पदर तोंडाला लावून ती गदगदून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

माझ्या पर्समध्ये डॉक्टरांनी दिलेली महिन्याची औषधं होती, संग्रामला गरज पडेल म्हणून आणली होती. ती तिला दिली. ज्या बाईनं जन्मभर अंगाऱ्याला शिव्या घातल्या तिनं त्या दिवशी एक नवा अंगारा काढला, हे मला कळत होतं. तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा तेच सांगेन.

आणि काय सांगू, गावानं तो अंगारा असा उचलला! विज्ञानाला जे पंधरा वर्षांत जमलं नव्हतं ते खतानं आठवड्यात करून दाखवलं. संग्राम सकाळी दूध घालायला गेला की रखमाम्हातारी विचारायची, "खत खाल्लंस काय रं?" नदीच्या दिशेला चार पावलं टाकली तर पोरं ओरडायची, "ये संग्र्या, माघारी हो, पेशी कुजतील!" शामराव स्वतः एसटीनं शाहूपुरीला येऊन खत घेऊन जायचा. एकही गोळी चुकेना. डॉक्टरांनी त्यात एका नव्या औषधाची भर घातली आणि खरोखरच फिट बऱ्याच कमी झाल्या. पूर्वी रोज यायची ती आठवड्यातून एखाद-दुसरी. थांबल्या मात्र नाहीत. त्या घरातल्या घरात व्हायच्या, आणि मालन म्हणायची, घेरी आली असेल.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग म्हणाले, "मॅडम, पण गुण कुणाच्या नावावर जाणार?"

"पोरगं जगतंय की," मी म्हटलं. त्यांनी पुढं वाद घातला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

गुण कुणाच्या नावावर गेला ते मला उचगावच्या रमेशनं सांगितलं. हा रमेश एका फौंड्रीत कामाला, सहा वर्षांची पोरगी घेऊन आमच्याकडं यायचा. पोरीला फिट यायच्या, पहिली गोळी लागू पडली नव्हती, दुसरीही पुरती लागू पडत नव्हती. अजून कितीतरी वाटा बाकी होत्या. एक दिवस तो एकटाच आला आणि म्हणाला, पोरीच्या पट्ट्या द्या, सेंटरला न्यायच्यात. गाडी ठरली होती, रजा टाकून झाली होती.

सहा वर्षांच्या पोरीच्या कमरेच्या हाडात सुई! मी बोलायचं ते सगळं बोलले. आवाज चढवून बोलले. तो शांतपणे म्हणाला, "म्याडम, राधानगरीकडचं ते पोरगं बरं झालंय की. सेंटरच्या सीडीत हाय. फेटा बांधून बसलंय, आनंदानं बोलता बी येईना झालंय त्येला. आनि त्येच्या पेशींचं खत तुमच्याच दवाखान्यातनं जातंय म्हनं. मग आमच्या पोरीलाच नको का म्हनतासा?"

 ते खत नाही, गोळ्या आहेत म्हटलं असतं, तर त्यानं ते मानलं नसतं. माझा अंगारा माझ्यापेक्षा बलवान झाला होता. लाज वाटली, आणि रागही आला, त्या टायवाल्याचा आणि माझाही.

"माझं राहू द्या," मी म्हटलं. "त्या संग्रामला जाऊन भेटा. त्याच्या तोंडून ऐका, मग काय करायचं ते करा."

पाठवलं खरं, पण भरवसा नव्हता. संग्रामला सगळं माहीत होतं. लहानपणापासून खाल्लेल्या गोळीचा रंग त्याला ओळखू येत नव्हता थोडाच? पण तो कधी एक शब्द बोलला नव्हता. गावानं त्याच्यासाठी दिवाळी सोडली होती. त्याचा फोटो दूध संस्थेच्या भिंतीवर लागला होता. बरा झालेला माणूस म्हणून त्याला संकलनाच्या केंद्रावर काम मिळालं होतं, आयुष्यातलं पहिलं काम. आता परका माणूस येऊन चारचौघांत विचारणार, खरं सांग. तो 'बरा झालो' म्हणाला असता तर मी त्याला दोष देऊ शकले नसते. पण त्या शब्दावर उचगावची पोरगी टेबलावर जाणार होती.

तीन-चार दिवसांनी रमेश आला. बरोबर पोरगी होती, डोकं स्वच्छ धुतलेलं, तेलाचा थेंब नाही. "पट्टी काडा म्याडम," तो म्हणाला. "डाक्टरास्नी तिसरी गोळी लिवून द्यायला सांगा." मी पोरीला स्टुलावर बसवलं, टेप घेतली आणि मापं घेता घेता ऐकत राहिले.

"गेलतो तिकडं," रमेश सांगू लागला. "संस्थेतच गाठलं त्येला. चेअरमन हुतं, त्येचा बाप हुता, दूध घालायला आल्याली धा-पंदरा मानसं हुती. समदी म्हनाली, या पावणं, बगा आमचं पोरगं, ठनठनीत झालंय. मी म्हनलं, बाबा, सा वर्साची पोरगी हाय माजी, तूच सांग, गुण आला काय? त्येनं हातातलं दुधाचं माप खाली ठिवलं.  मग म्हनला, न्हाय आला. फिट येती मला. खत न्हाय ते, गोळ्याच हाईत, ह्या आदीच्याच."

"मग?"

"मग काय! बाप म्हनतोय, येडं लागलं काय तुला. चेअरमन म्हनलं, पोराला नजर लागलीया, पावणं, तुमी मनावर घिऊ नगासा. मला बी वाटलं, कुनाचं खरं मानू? तवा पोरगं म्हनलं, पावणं, माजं बी मानू नगासा आनि ह्येंचं बी नगासा. मुक्काम करा. आज न्हाय आली तर उद्या येईल. डोळ्यानं बगून जावा."

मी टेप खाली ठेवून पेन्सिल घेतली.

"ऱ्हायलो. त्या दिवशी न्हाय आली. दुसऱ्या दिवशी बी न्हाय. मी निगतो म्हनलं, तर त्येनं माजी पिशवीच धरून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी संस्थेतच, समद्या रांगेफुडं, त्येची नजर लागली. बटनं चाचपाय लागला आनि मग आडवा झाला, म्याडम. हातपाय झाडत. दुधाची किटली सांडली. चेअरमन मागं सरलं.  ती म्हातारी हाय बगा येक म्हसवाली, ती तेवडी फुडं आली आनि त्येचं डोकं मांडीवर घिऊन बसली."

रमेशनं खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. पोरगी आरशात स्वतःच्या डोक्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा बघत होती.

"लई येळानं भानावर आलं. तोंड दुधानं, मातीनं भरल्यालं. आदी कुनालाच वळकंना. मग इकडंतिकडं बगाय लागलं, मला हुडकलं, आनि म्हनलं, पावणं, दिसलं न्हवं?"